बोटीवर जाताय? आधी झेंडा बघा! सिंगापूरचं बंदर खातं जहाजं आणि खलाशी कसे सांभाळतं, आणि कोकणातल्या घरांनी त्यातून काय शिकावं

९ जून २०२५. केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 'वान हाय ५०३' या कंटेनरच्या जहाजावर स्फोट झाला आणि आग लागली. जहाज कोलंबोहून निघालं होतं आणि येणार होतं आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा बंदरात. जहाजावर २२ माणसं होती. १८ जणांनी जहाज सोडलं. त्यांना वाचवून मंगळुरूला आणण्यात आलं. चौघे बेपत्ता झाले.

टीव्हीवर दोन-चार दिवस धुराचे लोट दिसले, मोबाईलवर व्हिडिओ फिरले, मग बातमी मागे पडली. पण कोकणात वाडीवाडीतला एखादा तरी पोरगा बोटीवर कामाला असतो. त्या घरांसाठी बातमी अशी संपत नाही. तिथे साधा प्रश्न राहतो. अशा वेळी जबाबदार कोण? आग लागली भारताजवळ, कंपनी तैवानची, खलाशी वेगवेगळ्या देशांचे आणि जहाज चाललेलं न्हावा-शेव्याला. मग जाब विचारायचा कुणाला?

उत्तर जहाजाच्या झेंड्यात होतं. झेंडा सिंगापूरचा होता.

झेंडा म्हणजे आरटीओचं पासिंग, पण त्याहून मोठं

एमएच ०८ नंबरचा ट्रक कोचीला गेला काय आणि दिल्लीला गेला काय, त्याची नोंद रत्नागिरीच्या आरटीओकडे असते. जहाजाचंही तसंच. प्रत्येक जहाजाला कुठल्या तरी एका देशात नोंद करावी लागते आणि त्या देशाचा झेंडा लावावा लागतो. फरक एवढाच, की ट्रक कर्नाटकात गेला की कर्नाटकचे पोलीस लगेच समोर असतात. भर समुद्रात जहाजावर दुसरं कुणी नसतं. तिथे झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो. जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचं आहे का, त्यावर किमान किती माणसं हवीत, त्यांची सर्टिफिकेटं खरी आहेत का, पगार वेळेवर होतो का, हे सगळं बघण्याची जबाबदारी त्या देशाची. मोठा अपघात झाला तर चौकशी करणंही त्याच्यावर येतं.

गंमत अशी, की जहाजाचा मालक आपल्याच देशाचा झेंडा लावतो असं नाही. जगातली भरपूर जहाजं पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं अशा देशांच्या नावावर आहेत. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे. यात लगेच काही काळंबेरं आहे असं नाही, कायद्याने ते चालतं. पण झेंडा देणारे काही देश कडक आहेत आणि काही नुसती फी घेऊन कागद देतात. सगळा खेळ इथेच आहे.

सिंगापूरचा झेंडा जगातल्या मोठ्या झेंड्यांपैकी एक. देश आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढा, पण त्याच्या नावावर ४ हजारांहून जास्त जहाजं आहेत. हा झेंडा मागायला जुनाट जहाज घेऊन गेलं तर सहसा दारातूनच परत पाठवतात. नव्याने नोंद करायची तर जहाज १७ वर्षांच्या आतलं असावं, असा त्यांचा नियम आहे.

काटा ज्याचा, दुकान त्याचं नको

हे काम बघणाऱ्या खात्याचं नाव मेरिटाईम अँड पोर्ट अथॉरिटी ऑफ सिंगापूर. सगळे त्याला एमपीए म्हणतात. ते सुरू झालं २ फेब्रुवारी १९९६ ला.

त्याआधी बंदर चालवणारी जी सरकारी संस्था होती, तीच बंदरातले बरेचसे नियमही लावायची. जहाजांची नोंद वेगळ्या खात्याकडे आणि खलाशांचा कारभार आणखी वेगळ्या मंडळाकडे होता. १९९६ ला ही नियम लावणारी कामं एकत्र करून एमपीए तयार केली. पुढच्याच वर्षी बंदरातला माल चढवण्या-उतरवण्याचा धंदा पीएसए नावाच्या कंपनीकडे गेला. म्हणजे पैसे कमावणारा वेगळा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा वेगळा.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ज्याचं दुकान त्याचाच काटा असेल, तर वजन कुणाच्या बाजूने झुकणार हे ठरलेलं. बंदरातही तेच आहे. जास्त जहाजं लागली तर जास्त कमाई. मग ज्याला कमाई हवी, तो जहाजाला 'थांब, तुझं यंत्र खराब आहे' असं मनापासून म्हणेल का? म्हणून ही वाटणी महत्त्वाची.

आपल्याकडची रचना वेगळी आहे. जयगड, दिघी अशी छोटी बंदरं महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाकडे, न्हावा-शेवा केंद्र सरकारच्या अखत्यारीत, आणि जहाजांची सुरक्षा व खलाशांचे कागद मुंबईतल्या डीजी शिपिंगकडे, म्हणजे नौवहन महासंचालनालयाकडे. हे कार्यालय १९४९ पासून आहे. सिंगापुरात बंदर, झेंडा आणि खलाशी ही तिन्ही कामं एकाच छताखाली आहेत.

दर दोन-तीन मिनिटांना एक जहाज

सिंगापूरजवळची सामुद्रधुनी जगातल्या सगळ्यात गर्दीच्या जलमार्गांपैकी एक. एका ठिकाणी ती जेमतेम पावणेतीन किलोमीटर रुंद आहे. त्या बंदरात दर दोन-तीन मिनिटांना एक जहाज येतं किंवा जातं. कधीही बघा, हजारभर जहाजं तिथे असतात. २०२४ मध्ये या बंदरात ४ कोटी १० लाखांहून जास्त कंटेनर हाताळले गेले, २० फुटी कंटेनरच्या हिशोबाने.

एवढी गर्दी सांभाळायला एमपीए चार गोष्टी करते.

पहिली गोष्ट, रस्त्याच्या लेन. समुद्रात जाण्याची बाजू वेगळी, येण्याची वेगळी. जहाजांना आपली खबर वायरलेसवर द्यावी लागते आणि नियंत्रण कक्षातली माणसं रडारवर रात्रंदिवस बघत असतात.

दुसरी, पायलट. हा विमानाचा पायलट नव्हे. बंदराचं पाणी, खडक, प्रवाह माहीत असलेला जाणकार माणूस मोठ्या जहाजावर चढतो आणि कॅप्टनला वाट दाखवतो. त्याला परवाना एमपीएचा लागतो.

तिसरी, तेल. जहाजात इंधन भरणाऱ्या बोटी आणि कंपन्यांनाही एमपीएचा परवाना लागतो. २०१७ पासून तिथे जहाजाचं फर्नेस तेल भरताना मापाचं मीटर सक्तीचं आहे. २०२२ मध्ये भेसळीचं इंधन जवळपास २०० जहाजांत गेलं, तेव्हा एका बड्या पुरवठादार कंपनीचा परवाना दोन महिन्यांसाठी निलंबित झाला. खराब तेलाने इंजिन बंद पडलं तर भर गर्दीत जहाज वाऱ्यावर सुटतं. म्हणून हा विषय नुसत्या मापात पाप एवढ्यावर थांबत नाही, तो सुरक्षेचा आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात जोरकस. बंदर सोडायचं तर परवानगीचा कागद लागतो. जहाजात धोक्याची खराबी सापडली तर तो कागद अडतो आणि दुरुस्ती होईपर्यंत जहाज जागेवर. उभ्या जहाजाचा रोजचा खर्च मालकाला इतका बसतो, की दंडापेक्षा त्याला हीच भीती जास्त वाटते.

लोखंडाचे नियम झाले, माणसांचं काय?

जहाज कितीही नवं असलं तरी ते चालवतो माणूस. म्हणून सुरक्षेचे निम्मे नियम माणसांचे आहेत.

खलाशांच्या शिक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार १९७८ चा आहे, त्याला एसटीसीडब्ल्यू म्हणतात. त्याप्रमाणे बोटीवर पाय ठेवण्याआधी पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार कसे करायचे, हे शिकावं लागतं. अधिकारी असेल तर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. भारताचा परवाना असलेला अधिकारी सिंगापूरच्या झेंड्याखाली काम करणार असेल, तर त्याला एमपीएकडूनही मान्यतेचं पत्र लागतं.

दुसरा करार २००६ चा, खलाशांच्या हक्कांचा. त्याला एमएलसी म्हणतात. सिंगापूरने तो २०११ मध्ये स्वीकारला, भारताने २०१५ मध्ये. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक खलाशाच्या घरी माहीत हव्यात.

एक, २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. दोन, पगार दर महिन्याला, लेखी करारात ठरलेला. तीन, नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. चार, मालकाने दोन महिने पगार दिला नाही, घरी पाठवण्याचा खर्च उचलला नाही, किंवा जहाजावर अन्न-पाणी पुरवलं नाही, तर खलाशाला 'वाऱ्यावर सोडलं' असं कायद्याने धरलं जातं. अशा वेळी कामी येईल असा विमा किंवा हमी मालकाने आधीच घेतलेली असावी लागते. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी येण्याचा खर्च मिळतो. त्या हमीचा कागद जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावलेला असायला हवा.

झेंडा कुठलाही असो, एमएलसी मानणाऱ्या देशाच्या बंदरात जहाज लागलं की खलाशी तिथल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. तक्रार कुणी केली हे अधिकाऱ्याने गुप्त ठेवायचं असतं.

झोपेचा नियम वाचून कुणी म्हणेल, हे लाड आहेत. पण रात्रभर भात झोडून दुसऱ्या दिवशी टेम्पो चालवणाऱ्याला विचारा, डुलकी कशी लागते. तीनशे मीटर लांब जहाजाच्या चाकावर तीच डुलकी लागली तर काय होईल?

कागद पक्के, तरी पूल पडला

आता नाण्याची दुसरी बाजू. २६ मार्च २०२४ च्या रात्री अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून 'डाली' नावाचं जहाज निघालं. त्याचाही झेंडा सिंगापूरचा. जहाजावर २१ खलाशी, त्यातले २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा. बंदरातून बाहेर पडताना जहाजाची वीज गेली, ताबा सुटला आणि ते फ्रान्सिस स्कॉट की या पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे सहा मजूर मेले. जहाजावरून धोक्याचा इशारा वेळेत गेला म्हणून पुलावरची वाहतूक थांबवता आली, नाहीतर आकडा मोठा असता.

एमपीएने तेव्हा सांगितलं, की जहाजाची सर्टिफिकेटं वैध होती. आदल्या वर्षी दोन परदेशी बंदरांत त्याची तपासणीही झाली होती. मग चूक कुठे झाली? अमेरिकेच्या तपास यंत्रणेने नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला. विजेच्या पॅनेलमधली एक वायर नीट बसलेली नव्हती. वायरवर नाव लिहिलेली पट्टी अशी लावली होती, की वायर पूर्ण आत जातच नव्हती. ती सैल झाली आणि जहाज अंधारात गेलं.

एका पट्टीपायी सहा जीव गेले आणि आख्खा पूल गेला.

यावरून नियम फुकट आहेत असं म्हणणं चुकीचं होईल. पण तपासणीची मर्यादा कळते. अधिकारी वर्षातून एक-दोनदा काही तासांसाठी येतो. हजारो वायरी तो बघू शकत नाही. कंटेनरचंही तसंच. त्यात काय भरलंय हे भरणारा सांगेल तेच कागदावर येतं, प्रत्येक सील तोडून बघणारा कुणी नसतो. रोजची खरी तपासणी जहाजावरचा माणूसच करतो. तो थकलेला असेल, नोकरी जाईल म्हणून बोलायला घाबरत असेल, तर झेंडा कुठलाही असो, सैल वायर सैलच राहते. खलाशाच्या हक्काचे नियम आणि जहाजाच्या सुरक्षेचे नियम वेगळे काढता येत नाहीत ते यामुळे.

आणि एक गोष्ट. पूल पडल्यावर 'डाली'वरचे बहुतेक खलाशी जवळपास तीन महिने जहाजावरच अडकले. तपासासाठी त्यांचे मोबाईल काढून घेतले होते. घरच्यांशी बोलायची पंचाईत. एवढ्या कडक झेंड्याखालीही अपघात झाला की खलाशाच्या वाट्याला हे येतं. मग जिथे झेंडाच नावापुरता, तिथे काय होत असेल?

राखणदार तीन, पण तिघेही जागे हवेत

जहाजावर तीन राखणदार असतात. पहिला झेंड्याचा देश. दुसरा बंदराचा देश, जो आपल्याकडे आलेलं परदेशी जहाज तपासू शकतो आणि अडवू शकतो. तिसरा खलाशाचा स्वतःचा देश, जो सर्टिफिकेट देतो आणि भरती करणाऱ्या एजंटांना परवाना देतो.

दुसऱ्या राखणदारांनी आपसात हातमिळवणी केली आहे. हिंदी महासागरातल्या देशांनी १९९८ मध्ये जहाज तपासणीचा करार केला. त्याचं सचिवालय आपल्या शेजारी गोव्यात आहे. एका बंदराने पकडलेलं खराब जहाज दुसऱ्यालाही कळावं, हा त्यामागचा विचार.

पहिला राखणदार झोपलेला असला की भार उरलेल्या दोघांवर येतो. जहाज कडक बंदरं टाळत फिरलं, की सगळा भार एकट्या तिसऱ्यावर. आणि तिसऱ्याला चुकवूनच पोरगा गेला असेल तर?

आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार संघटनेचे २०२४ चे आकडे बघा. त्या वर्षी ३१२ जहाजांवर ३ हजार १३३ खलाशी मालकांनी वाऱ्यावर सोडले. त्यातले ८९९ भारतीय. कुठल्याही देशापेक्षा जास्त. ही बहुतेक जहाजं नावापुरत्या झेंड्यांची. काही जहाजं तर ज्या देशाचा झेंडा लावतात, त्या देशाच्या दप्तरी त्यांची नोंदच नसते.

अशा जहाजावर पोरगा पोचतो कसा? बऱ्याचदा परवाना नसलेल्या एजंटमार्फत. एजंट 'जागा आहे, लगेच निघायचं' म्हणतो. काही लाख मागतो. आई मंगळसूत्र सोडवते, बाप आंब्याची कलमं गहाण टाकतो. पोरगा टुरिस्ट व्हिसावर कुठल्या तरी बंदरात उतरतो. चार महिन्यांनी फोन येतो, पगार नाही, पाणी संपत आलंय, पासपोर्ट कॅप्टनकडे. इथे घरात व्याज चालूच.

पैसे देण्याआधी हे बघा

गावातल्या घराला एमपीए चालवता येणार नाही. पण निघण्याआधी मोबाईलवर अर्ध्या तासात स्वतःची तपासणी करता येते.

१. एजंटकडे आरपीएसएल परवाना आहे का? परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. नुसता परवान्याचा फोटो बघून समाधान मानू नका. यादीत नाव आणि पत्ता जुळतो का ते बघा.

२. तो नोकरीसाठी पैसे मागतो का? मागत असेल तर तिथेच उठा. पावती देतो म्हणाला तरी उठा. 'ट्रेनिंगची फी', 'व्हिसाचा खर्च' ही त्याच पैशाची दुसरी नावं असू शकतात.

३. इंडोस नंबर आणि सीडीसी सरकारी कार्यालयाचीच आहे ना? डीजी शिपिंगची मान्यता नसलेल्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायच्या कामाचं.

४. जहाजाचा आयएमओ नंबर मागा. हा सात आकडी नंबर जहाजाच्या अंगावरच असतो. नाव बदललं, रंग बदलला, झेंडा बदलला तरी नंबर तोच राहतो. गाडीचा चेसिस नंबर समजा. 'इक्वासिस' या संकेतस्थळावर फुकट नाव नोंदवून त्या नंबराने जहाजाचं वय, झेंडा, आणि कुठल्या बंदरात ते अडवलं होतं का, हे बघता येतं. एजंट नंबर द्यायला टाळाटाळ करतो, तर तेच उत्तर समजा.

५. सही केलेला करार निघण्याआधी हातात हवा. त्याची, पासपोर्टची आणि सीडीसीची कॉपी घरी ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर घरच्यांच्या हातात काहीतरी असायला हवं.

६. पगार थकला तर दोन महिन्यांच्या पुढे वाट बघू नका. 'पुढच्या बंदरात देतो' यावर वर्ष निघून जातं. खलाशाने जहाजावरून आणि घरच्यांनी इथून डीजी शिपिंगकडे, त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे आणि खलाशी संघटनेकडे एकाच वेळी लेखी कळवा.

शेवटी

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा आणि १९०८ च्या जागी नवा बंदर कायदा मंजूर केला. कागदावर आपण मागे नाही. एमएलसी आपणही स्वीकारला आहे. सिंगापूरकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती अंमलाची. दारातच जुनं जहाज नाकारायचं, परवाना काढून घ्यायचा तर बड्या कंपनीचाही काढायचा, आणि जहाज अडवायचं तर अडवायचं.

आपल्याकडे हीच कडकी एजंटांच्या बाबतीत हवी. बोगस एजंट मुंबईच्या ऑफिसात बसत असेल, पण त्याचा माणूस तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ, कॉलेजच्या गेटवर, गावच्या क्रिकेट स्पर्धेत फिरत असतो. परवानाधारकांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक बारावीच्या वर्गात लागायला काय खर्च येतो? एका कागदाचा. बंदराच्या उद्घाटनाला येणाऱ्या पुढाऱ्यांकडे निदान एवढं मागायला हरकत नाही.

तोवर ज्या घरातून पोरगा बोटीवर निघालाय, त्या घराने एजंटला एकच विचारावं. जहाजाचा आयएमओ नंबर काय, आणि झेंडा कुणाचा?